दहा पॉइंट दोन

पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत सोळा वर्षं काढलेल्या बाईला कॉलेजातली एकोणीस-वीस वर्षांची पोरं 'काकू' म्हणायची आणि तिला त्याचा राग येत नसे. चाळिशी ओलांडून पोरांच्या बाकावर बसायचं म्हटल्यावर कुणीतरी काकू म्हणणारच. राग यायचा तो 'ओ बाई'चा. तशी हाक रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक मारत, आणि ते तिचं नाव विसरले होते असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण त्यांनी ते कधी विचारलंच नव्हतं.

पोरांनी त्यांना पूर्णविराम असं नाव ठेवलं होतं. कुणी काही विचारायला तोंड उघडलं की ते मान वर न करता "झालं?" म्हणायचे आणि समोरच्याचं वाक्य अर्ध्यावरच मरायचं. त्यांच्या खोलीबाहेर पाठ मोडलेली एक खुर्ची होती. प्रयोगांच्या वह्या, म्हणजे जर्नलं, त्या खुर्चीवर ठेवायची आणि आठवड्याने उचलायची. सही झाली असेल तर नशीब, नसेल तर का नाही ते विचारायचं नाही. नाकावर माशी बसू न देणाऱ्या माणसाला जाब कोण विचारणार?

काकूला त्यांची सही हवी होती आणि ती याच वर्षी हवी होती. कचेरीत नवा नियम आला होता. पाणी तपासून अहवाल देणाऱ्याकडे पदवी पाहिजे. सोळा वर्षं तिने तपासलेलं पाणी अख्खं शहर प्यायलं, पण तिच्याकडे कागद नव्हता. तिथले साहेब माणूस म्हणून बरे होते. "कागद आणा, जागा तुमचीच," ते म्हणाले होते आणि मग टेबलावरच्या फायलीकडे बघत, "नाही आणलात तर भांडारात बसवावं लागेल हो. माझ्या हातात नाही." भांडार म्हणजे वॉशर, नळाचे तुकडे आणि गंजके व्हॉल्व्ह मोजायची अंधारी खोली. पदवीच्या अर्धवेळ अभ्यासक्रमाला सात वर्षांची मुदत असते आणि हे सातवं वर्ष होतं. लेखी पेपर सगळे सुटले होते. अडलं होतं ते एक प्रात्यक्षिक. मागच्या वर्षी पूर्णविरामांनी जर्नलवर वेळेत सही केली नाही म्हणून तिला परीक्षेलाच बसता आलं नव्हतं. या वर्षी पुन्हा तसंच झालं तर सात वर्षांचा अभ्यास केराच्या टोपलीत.

आणि गंमत बघा, जे प्रात्यक्षिक अडलं होतं ते ती रोज करायची. खाली चंचुपात्रात आम्ल आणि रंग दाखवणाऱ्या द्रवाचे दोन थेंब, वर तोटी असलेली, आकडे कोरलेली काचेची लांब नळी, तिला ब्युरेट म्हणतात. नळीतून अल्कलीचं पाणी थेंब थेंब सोडायचं. पात्रातल्या बिनरंगी पाण्याला ज्या थेंबाला पुसटसा गुलाबी रंग येतो आणि टिकतो, तिथे तोटी बंद करायची आणि नळीवरचा आकडा लिहायचा. शिकाऊ माणसाच्या हातून दोन-चार थेंब जास्त पडतात आणि पाणी गडद होतं. काकूच्या हातून पडत नसत. कचेरीत नवीन यंत्राने काही भलतंच दाखवलं तर साहेब म्हणत, "थांबा, बाईंना बघू द्या." तिचा आकडा आला की यंत्रवाल्याला फोन जायचा.

सत्राच्या पहिल्या प्रयोगाला तिचा आकडा आला अकरा पॉइंट आठ. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तोच. शेजारच्या चष्मेवाल्या मुलीने तिच्या वहीत डोकावून पाहिलं.

"काकू, अकरा पॉइंट आठ? दहा पॉइंट दोन येतं ते."

"कुणाला येतं?"

"सगळ्यांनाच. मागच्या वर्षीच्या मुलांनाही तेच आलं होतं. त्यांचं जर्नल आहे माझ्याकडे, देऊ का?"

चष्मेवालीने करून दाखवलं. ब्युरेटची तोटी उघडली, पाणी दहा पॉइंट दोनच्या रेघेपर्यंत धडाधड खाली सोडलं, तोटी बंद केली. खालच्या पात्रात रंगाचा पत्ता नव्हता. तिने ते मोरीत ओतलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, दहा पॉइंट दोन. त्या मुलीच्या मनात काही पाप नव्हतं. इथे सगळे असंच करत होते. आकडा आधी, पाणी नंतर, अशी तिथली रीतच पडली होती. कुठल्या तरी जुन्या वर्षी अल्कली ताजी असताना तो आकडा खरा आला असेल. मग त्याची नक्कल, नकलेची नक्कल, असं करत तो देवाच्या शब्दासारखा झाला.

काकूने कपाटातली बाटली काढून पाहिली. बूच सैल होतं, तोंडाशी पांढरी पापडी धरली होती. अल्कली उघडी राहिली की हवा खाऊन मंदावते, मग जास्त लागते. हे कचेरीत झाडू मारणारीलाही ठाऊक होतं. काकूला वाटलं, सरांना सांगितलं तर बरं वाटेल त्यांना. सोळा वर्षं खऱ्या माणसांत काढली की माणूस असा भोळा होतो. तिने हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

पूर्णविराम उत्तरपत्रिकांवर खुणा करत होते. ती दारात उभी राहिली. दोन मिनिटं गेली, चार गेली.

"सर, ती अल्कलीची बाटली मंदावली आहे. आकडा अकरा पॉइंट आठ येतोय. मी तीनदा..."

"ओ बाई, तुम्ही कुठे काम करता?"

"पाणीपुरवठ्यात. प्रयोगशाळेत."

"नळाचं पाणी बघणं वेगळं आणि रसायनशास्त्र वेगळं. वीस मुलांचं बरोबर येतं, तुमचं एकटीचं चुकतं. मग चूक कुणाची?"

"सर, तुम्ही एकदा स्वतः..."

"झालं?"

तिने पुढे होऊन टेबलावर ठेवलेलं जर्नल त्यांनी ओढलं, अकरा पॉइंट आठवर लाल पेनने या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारली आणि वही टेबलाच्या कडेला सरकवली. इतक्या कडेला की ती खाली पडली. उचलताना तिला वर बघवेना. पोटच्या पोराच्या वयाची मुलं दारात रांगेत उभी होती.

त्यानंतर चार महिने हेच चाललं. प्रयोग बदलत, बाटली तीच. ती प्रामाणिकपणे जे येईल ते लिहायची, खुर्चीवर ठेवायची आणि आठवड्याने लाल रेघ घेऊन घरी जायची. काय चुकलं, कुठे चुकलं, याचं एक अक्षर कधी नसे. नुसती रेघ. एकदा तिने धीर करून प्राचार्यांना गाठलं. ते म्हणाले, "सरांचा स्वभाव जरा तसा आहे, पण मनाने फार चांगले आहेत. तुम्हीच घ्या थोडं जुळवून." मनाने चांगल्या असलेल्या माणसांनी या जगात किती माणसं मारली असतील, याचा हिशेब कुणीतरी करायला हवा.

माणसाचं मन ही एक विचित्र चीज आहे. पहिल्या महिन्यात काकूला खात्री होती की बाटली खराब आहे. दुसऱ्या महिन्यात वाटायला लागलं, बाटलीच खराब असेल ना? तिसऱ्या महिन्यात ती कचेरीत सकाळचं पाणी तपासताना एक नमुना पाच पाच वेळा करू लागली. साहेबांनी विचारलंही, "काय हो बाई, आज उशीर?" तिने डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन नंबर तपासून घेतला. नंबर होता तसाच होता. डॉक्टर म्हणाला, "नजर उत्तम आहे तुमची," आणि ती बाहेर येऊन बसस्टॉपवर बसून रडली. नजर उत्तम असेल तर मग हे काय होतंय, ते तिला कळेना.

घरी नवरा होता. तो त्याच पाणीपुरवठ्यात पंप चालवायचा. मितभाषी माणूस, पण बायकोच्या हुशारीचा त्याला भारी अभिमान. विसांतल्या अठरा प्रयोगांवर लाल रेघ आणि शेवटची तारीख आठ दिवसांवर, हे त्याने पाहिलं.

"लिहून टाक ना त्यांना हवा तो आकडा," तो म्हणाला. "कुणाचं काय जातंय? कॉलेजातलं पाणी कुणी पिणारे का?"

"तसं नाही हो."

"मग कसं? भांडारात बसून वॉशर मोजायचेत का तुला? तिथे बसलीस ना, तर खरं पाणी तपासायला कोण राहील? उद्या कागदवाला कुणीतरी पोरगा येईल, आकडा आधी लिहिणारा."

नवऱ्याने रागाने म्हटलं असतं तर ती भांडली असती. तो काळजीने बोलत होता.

प्रयोगशाळेत बाटल्या भरणारे, काचसामान धुणारे एक मामा होते. तीस वर्षं तिथेच. त्यांनीही तिला बेसिनपाशी गाठून हळूच सांगितलं, "ताई, तुमचं बरोबर आहे. मला ठाऊक आहे, मीच भरतो ना बाटल्या. नवी पावडर मागितली की सर म्हणतात, मुलांचं येतंय ना बरोबर, मग कशाला? मी बोललो तर माझी भाकरी जाईल. तुम्ही लिहून टाका आणि सुटा इथनं."

मग तिने लिहिलं. एका रविवारी चष्मेवालीचं जर्नल समोर ठेवून सकाळी बसली ती दुपारपर्यंत वीसच्या वीस प्रयोग नव्या वहीत उतरवून उठली. दहा पॉइंट दोन, सात पॉइंट सहा, बारा पॉइंट चार. अक्षर सुंदर आलं. जेवायला बसली तेव्हा ताट तसंच बाजूला सारलं.

दोन दिवसांनी खुर्चीवरून जर्नल उचललं तर वीसच्या वीस सह्या. पूर्णविराम नेमके खोलीतून बाहेर येत होते. "बघा," ते चालता चालता म्हणाले, "लक्ष दिलं की जमतं." सात वर्षांत त्यांनी तिला म्हटलेलं हे एकमेव बरं वाक्य. आणि शरमेची गोष्ट म्हणजे तिला ते ऐकून क्षणभर बरं वाटलं. लगेच स्वतःची इतकी किळस आली की ती जिन्यात भिंतीला टेकून उभी राहिली.

परीक्षेच्या दिवशी बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक बाई आल्या होत्या. पांढरे केस आखूड कापलेले, हातात स्वतःचं चष्म्याचं घर आणि स्वतःचा रुमाल. त्या तासभर आधी आल्या, कपाट उघडलं, सैल बुचाची ती बाटली नाकाशी न नेताच मोरीत ओतायला लावली आणि मामांकडून बंद डब्यातल्या पावडरीची नवी अल्कली करून घेतली. किती दाट करायची ते त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं आणि चिठ्ठी परत घेतली. परीक्षा संपेपर्यंत मामांनी मुलांशी बोलायचं नाही, असा नियमच असतो.

काकूला यातलं काही माहीत नव्हतं. पण टेबलावरची बाटली नवी आहे, बूच घट्ट आहे आणि तिच्यावरच्या लेबलावर आजची तारीख आहे, एवढं तिने आल्या आल्या पाहिलं. मनातून तिला फार आनंद झाला. म्हणजे आज खरं काय ते येणार. तिने ब्युरेट धुतली, भरली, तोटीखालचा हवेचा बुडबुडा काढला. हात आपोआप चालत होते. पहिल्यांदा आठ पॉइंट सहा. दुसऱ्यांदा आठ पॉइंट सहा. तिसऱ्यांदा थेंब इतका नेमका पडला की पात्रात कुणीतरी लाजल्यासारखा रंग आला आणि तिथेच थांबला. आठ पॉइंट सहा.

तिने पेन उचललं. उजवीकडे चष्मेवालीच्या कागदावर दहा पॉइंट दोन होतं. डावीकडच्याच्याही कागदावर तेच. पुढच्या बाकावरही तेच. पोरांनी बाटली पाहिली नव्हती की रंग पाहिला नव्हता. पाठ केलेल्या आकड्यापर्यंत पाणी सोडून आणि तोच आकडा लिहून ते निवांत बसले होते. आणि नेमके त्याच वेळी पूर्णविराम तिच्या पाठीमागे येऊन उभे राहिले. नुसता घसा खाकरला.

तेवढ्यानेच ती मोडली. चार महिने, अठरा रेघा, वीस जणांचं बरोबर आणि एकटीचं चूक. बाटली नवी आहे हे तिला दिसत होतं, रंग समोर होता, आकडा समोर होता, आणि तरीही तिला वाटलं की माझंच चुकत असणार, नेहमीसारखं. भांडाराची अंधारी खोली डोळ्यांपुढे आली. तिने कागदावर तीन रकान्यांत लिहिलं, दहा पॉइंट दोन, दहा पॉइंट दोन, दहा पॉइंट दोन. पूर्णविराम पुढे गेले.

परीक्षक बाई एकेका टेबलाशी थांबत आल्या. मुलांच्या पात्रांत पाणी गडद गुलाबी झालेलं. त्या नळी बघत, कागद बघत. नळीत दहा पॉइंट दोन, कागदावर दहा पॉइंट दोन. "जास्त सोडलंस. हात कच्चा आहे," एवढं म्हणून दोन-चार गुण कापत आणि पुढे सरकत. सगळ्यांचाच आकडा एक कसा, हे त्यांना कळत नसेल असं नाही. कपाळावरची आठी टेबलागणिक वाढत होती.

काकूच्या टेबलाशी त्या थांबल्या. पात्र उजेडात धरलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"अगंबाई! हे कुणी केलं? तुम्ही?"

"हो."

"किती वर्षं करताय हे काम?"

"सोळा. पाणीपुरवठ्यात."

"दिसतंच आहे. सकाळपासून पहिल्यांदा बघण्यासारखं काही दिसलं मला." त्यांनी चष्मा चढवून नळीवरचा आकडा वाचला. "आठ पॉइंट सहा. बरोब्बर." मग कागद उचलला. पुन्हा नळी बघितली, पुन्हा कागद.

"हे काय लिहिलंय?"

"मॅडम, इथे... इथे दहा पॉइंट दोनच लिहावं लागतं."

"कुणी सांगितलं?"

तिने आठवून पाहिलं. कुणीच सांगितलं नव्हतं. पूर्णविरामांनी चार महिन्यांत एकदाही असा आकडा लिही म्हणून म्हटलं नव्हतं. त्यांनी फक्त रेघा मारल्या होत्या, वही कडेला सरकवली होती, घसा खाकरला होता. बोट दाखवायला जागाच ठेवली नव्हती. लाल रेघांची ती जुनी वही तर तिने टाकून दिली होती.

परीक्षक बाईंनी पूर्णविरामांकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "मी सुरुवातीपासून बघतोय. यांच्या आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही."

आणि आज, पहिल्यांदाच, ते खरं बोलत होते.

"बाई," परीक्षक बाई म्हणाल्या. आवाज कडक नव्हता, दुखावलेला होता. "या मुलांनी काय केलंय ते मला कळत नाही असं समजू नका. पण त्यांची नळी आणि त्यांचा कागद एकच सांगतात, मी काही सिद्ध करू शकत नाही. तुमचं माझ्यासमोर आहे. डोळ्यांनी एक बघितलंत आणि हाताने दुसरं लिहिलंत. नियमाने याला गैरप्रकार म्हणतात. चुकीचं उत्तर असतं तर मी पास केलं असतं हो." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, सही केली आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. त्या मागे वळल्या नाहीत.

एका वाक्याला उशीर झाला होता. मॅडम, तीन मिनिटं थांबा, मी खोडून खरं लिहिते, असं तिला म्हणायचं होतं. पण वाक्य सुरू करायची सवयच गेली होती.

मुलं बाहेर पडली ती हसत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत. सगळे सुटले होते. काकू व्हरांड्यातल्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. आत मामा तिचं पात्र धुवायला हातात घेऊन नुसतेच उभे होते. चष्मेवाली तिच्याजवळ येऊन बसली. पोर मनाची चांगली होती, तिचे डोळे भरून आले होते.

"काकू, तोटी पुढे सोडायची होती ना फक्त. दहा पॉइंट दोनपर्यंत. एका सेकंदाचं काम. का नाही सोडलीत?"

काकूने तिच्याकडे पाहिलं. खरंच, एका सेकंदाचं काम. तोटीला बोट लावायचं की झालं. नळी आणि कागद जुळले असते, चार गुण कापून ती पास झाली असती, सोमवारी साहेबांपुढे कागद ठेवता आला असता.

"सुचलंच नाही गं मला," ती म्हणाली.